खांदमळण

(सोलापूर. सात रस्त्याजवळ, पहिल्या मजल्यावरचा फिजिओथेरपीचा दवाखाना. कारहुणवीचा दिवस, सकाळचे साडेदहा.)

दाक्षायणी : आणि हे पिवळं काय लावलंय?

काशम्मा : कुटं?

दाक्षायणी : कुठं काय, मावशी! सगळा खांदा पिवळाधमक झालाय. ब्लाउजलासुद्धा डाग पडलाय. हळद आहे ना ही? हळद आणि तेल?

काशम्मा : तेल न्हाय.

दाक्षायणी : मग काय आहे?

काशम्मा : लोणी.

दाक्षायणी : लोणी! अप्पा, ओ अप्पा, आत या जरा. बाहेर बाकावर बसून पेपर वाचायचं नाटक नको. तो पेपर परवाचा आहे.

चन्नप्पा : आलो की. काय झालं मॅडम?

दाक्षायणी : तेच विचारतेय, काय झालं? परत त्या येडूकडं गेला होता ना?

चन्नप्पा : न्हाय ओ.

दाक्षायणी : खरं सांगा. अडीच महिने घसा फोडून सांगतेय मी. हाड बसवणाऱ्याकडं जायचं नाही, चोळून घ्यायचं नाही, ओढून घ्यायचं नाही. पहिल्या दिवशी त्यानंच मावशींचा उतरलेला खांदा हिसका देऊन बसवला आणि आतला स्नायू फाडून ठेवला. एवढं होऊनसुद्धा, आज मोजायचा दिवस असताना, काल चोळून घेतलं तुम्ही?

काशम्मा : येडू न्हाय गं बाई. त्यो बिचारा तर आता आमाला बघितलं की गल्ली बदलतंय.

दाक्षायणी : हसू नका मावशी. आज काय आहे माहीत आहे ना? ती भिंतीवरची लाल पट्टी बघा. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः लावलीय. तिथवर हात गेला तर फाईलमध्ये मी तसं लिहिणार, ऑपरेशन नाही. नाही गेला तर सोमवारी ते ऑपरेशनची तारीख देणार. तुमची शुगर, तुमचं बीपी, त्यात भूल द्यायची. मला रात्रभर झोप नाही लागली आणि तुम्ही लोणी लावून आलाय.

काशम्मा : सांगू का ओ हिला?

चन्नप्पा : काय सांगायचं त्यात! सकाळी म्हणलं न्हवतं, पुसून टाक म्हणून?

काशम्मा : पुसत असतात व्हय ते! अगं दाक्षू, काल सांजंला खांदमळण झाली आमच्यात.

दाक्षायणी : म्हणजे?

काशम्मा : म्हंजी? खांदमळण ठावं न्हाय? कुटली गं तू?

दाक्षायणी : इथलीच. आमच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. बैल मी रस्त्यात पाहिलाय, तोही गाडीच्या काचेतून.

काशम्मा : सांगा ओ तुमीच. तुमचं काम हाय ते.

चन्नप्पा : काय न्हाय मॅडम. कारहुणवी बैलाचा सण. त्याच्या आदल्या सांजंला बैलाचं खांदं मळायचं. वरीसभर आपण जू ठिवतो ना त्येच्यावर, म्हणून. आधी ऊन पाण्यानं शेकायचं. मग लोणी-हळद लावून सावकाश मळायचं. आन् मळता मळता त्येच्या कानात सांगायचं, आज आवतण, उद्या जेवायला या. मग दुसऱ्या दिशी आंघोळ, झूल, गोडधोड. बास, येवढंच.

दाक्षायणी : पण मावशी काय बैल आहेत?

काशम्मा : आता कसं बोललीस!

चन्नप्पा : तू गप गं.

काशम्मा : का गप? यंदा दावण मोकळी हाय, दाक्षू. आमची जोडी व्हती, नंद्या आन् मुकण्या. मी शिडीवरनं पडले, हात गळ्यात आला, मग ह्यांनी जोडी भाच्याकडं धाडली. आमचा गुरू हाय ना, श्रीपूरला, त्येच्याकडं. म्हणले, मला दोनच हात हायती, बाईचं बघू का बैलाचं? नऊ वर्सांची जोडी! गाडीत चढवताना मुकण्या पाय रोवून उभा राहिला आन् हे त्वांड फिरवून.

चन्नप्पा : झोंबलं व्हतं डोळ्याला. धूळ.

काशम्मा : व्हय, धूळ. सतरा जानेवारीला आमच्या मंद्रूपात धूळ लई असती.

दाक्षायणी : मग काल?

काशम्मा : काल सांज झाली आन् हे सवयीनं उठले. लोणी-हळद कालवली, वाटी घेतली, गेले गोठ्यात. मी आपली भाजी चिरत बसले. बराच येळ झाला तरी येईनात. जाऊन बगते तर काय, मोकळ्या दावणीम्होरं वाटी घिऊन उभे. नुसते उभे. मला असं आतनं तुटलं बग. म्हणलं, अवं चला घरात, लोणी पाघळायलंय.

दाक्षायणी : मग?

काशम्मा : मग आले आन् माज्याम्होरं बसले. पदर काढ खांद्यावरचा, म्हणले. मी म्हणलं, काय येड लागलं का काय ह्या वयात!

चन्नप्पा : मॅडम, मी भाईर बसतो.

दाक्षायणी : बसा इथंच. मावशी, पुढं?

काशम्मा : पुढं काय. शेकला, मळला. आन् कानाजवळ येऊन म्हणले, आज आवतण, उद्या जेवायला ये.

दाक्षायणी : अय्या!

काशम्मा : ऐक तर. बैलाला कसं म्हणतात? 'या' म्हणतात. जेवायला या. मला काय म्हणले? 'ये'! म्हंजी बैलाला अवं-जावं आन् बायकोला अगं-तुगं.

चन्नप्पा : 'या' म्हणलो असतो तर तू हसली असतीस.

काशम्मा : हसलेच की तरीबी. पर मंग रडले.

दाक्षायणी : अप्पा, जोरात चोळलं नाही ना?

चन्नप्पा : छ्या! बोटं फिरवली फकस्त. तुमी ज्या जागंला हात लावू नका म्हणलाव, तिकडं गेलोच न्हाय.

दाक्षायणी : मग असू दे. हळदीनं काही बिघडत नाही. पण आवतण दिलंत, आज जेवायला काय मग?

चन्नप्पा : हुग्गी केली. पहाटं उठून.

दाक्षायणी : हुग्गी? गव्हाची खीर? गूळ घालून? अप्पा, शुगर!

चन्नप्पा : गूळ घातला न्हाय.

दाक्षायणी : बिनगुळाची हुग्गी?

काशम्मा : मीठबी न्हवतं. खाल्ली गपचिप. दोन वाट्या.

दाक्षायणी : धन्य आहे तुम्हा दोघांची. चला, या भिंतीकडं. पिशवी ठेवा की ती खाली.

काशम्मा : पिशवी राहू दे माज्याकडं.

दाक्षायणी : पिशवी घेऊन हात कसा वर जाईल? द्या अप्पांकडं.

काशम्मा : धरा. पर उघडू नका.

दाक्षायणी : पाय इथं, फरशीच्या रेघेवर. ही खालची खूण बघा, पाडव्याच्या आठवड्यातली. तेव्हा छातीच्या वर हात जात नव्हता. आता उजव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवा आणि एकेक बोट चढवत न्या, मुंगी चालते तसं. कंबर वाकवायची नाही. खांदा कानाकडं उचलायचा नाही.

काशम्मा : कल्लप्पाला तिकडं फिरीव आधी. माज्याकडं बघून दात काढतंय.

चन्नप्पा : कल्लप्पा कोण?

दाक्षायणी : हा सांगाडा. पहिल्या दिवशी त्याला बघून पळायला निघाल्या होत्या. आता त्याचं नाव ठेवलंय.

काशम्मा : आमच्या शेजारच्या कल्लप्पासारखंच हाय, हाडकुळं. पर ह्ये बरं हाय, उसनं मागत न्हाय.

दाक्षायणी : बोलून वेळ काढू नका. चढवा. हां. हां, छान. अजून. थांबा, खांदा कानाला चाललाय. खाली आणा. परत चढवा.

काशम्मा : आई गं.

दाक्षायणी : दुखतंय की ओढतंय?

काशम्मा : वढतंय.

दाक्षायणी : ओढू दे. दुखलं तर सांगा. चला, अजून दोन बोटं राहिलीत पट्टीला.

काशम्मा : न्हाय जात.

दाक्षायणी : श्वास सोडा. सोडा म्हटलं, धरून काय ठेवलाय? आता.

काशम्मा : न्हाय गं जात पुढं.

दाक्षायणी : खाली घ्या. हात झटका. परत एकदा.

चन्नप्पा : राहू द्या मॅडम. घामाघूम झालीय ती. राहू द्या.

काशम्मा : तुमी गप बसा! तुमच्या राहू द्यानंच तर ही पाळी आली!

दाक्षायणी : मावशी...

काशम्मा : न्हाय न्हाय. मला तसं म्हणायचं न्हवतं. अवं, तसं न्हवतं म्हणायचं.

चन्नप्पा : खरंच हाय ते. काय खोटं बोललीस? मॅडम, तुमी पैल्या दिवशी इचारलं व्हतं, आठवतंय?

दाक्षायणी : हो. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधायचा पट्टा तीन आठवडे सांगितला होता, तुम्ही दहा आठवडे का ठेवला? तुम्ही दोघंही गप्प बसलात. खरं सांगू अप्पा? मला राग आला होता तुमचा. मला वाटलं, बायको आहे, दुखली तर दुखली, कोण घेऊन जातंय दवाखान्यात. तसंच असेल.

काशम्मा : नगं गं असं बोलू त्यांना.

चन्नप्पा : बोलू दे. मॅडम, बैलाचा खांदा येतो. ठावं हाय? जू घासून घासून सुजतो, कातडी जाती, आत पाणी हुतं. खांदा आला म्हणतो आमी त्येला. खांदा आला की काय करायचं, तर जू लावायचं न्हाय. महिना म्हणू नका, दोन महिने म्हणू नका, बांधून ठिवायचं, बसवून खायाला घालायचं. घाई करून जुपला की बैल कामातनं गेला. माज्या बापानं शिकिवलं, आन् मी आजवर एक बैल वाया घालिवला न्हाय. डॉक्टर म्हणले, खांदा जपा. आमाला जपायचं म्हंजी येवढंच कळतं.

दाक्षायणी : म्हणून दहा आठवडे.

चन्नप्पा : हात हलू दिला न्हाय मी. तिसऱ्या आठवड्याला ही म्हणाली, डॉक्टर म्हणलेत सोडा, पट्टा सोडा. मी म्हणलं, डॉक्टरला काय घाई हाय, खांदा आपला हाय. झोपंत हात हलतो म्हणून रात्री माज्या टावेलानं बांधत व्हतो.

काशम्मा : आन् स्वतः जागा. मी हललं की उठून बघायचे, गाठ सुटली का काय.

दाक्षायणी : अप्पा, इकडं या. कल्लप्पाजवळ. हात लावा, घाबरू नका, प्लास्टिक आहे. हे दंडाचं हाड. त्याच्या वरच्या टोकाला गोळा, दिसला? आता तो जिथं बसतो ती जागा बघा.

चन्नप्पा : येवढीच? ही तर बशी झाली. त्यात ह्यो गोळा राहतो कसा?

दाक्षायणी : बशीवर लिंबू ठेवल्यासारखाच आहे. मांडीचं हाड कसं खोल वाटीत बसतं, तसं इथं नाही. म्हणून तर आपला हात पुढं, मागं, वर, गोल, सगळीकडं फिरतो. आणि म्हणूनच पटकन उतरतो. त्याला धरून ठेवतात ते चार स्नायू, या पाठीवरच्या चपट्या हाडापासून निघालेले.

चन्नप्पा : फरा.

दाक्षायणी : हो, फरा. चौघं चार बाजूंनी धरतात. त्यातला हा वरचा, या हाडाच्या छपराखालून येतो. मावशींचा तो फाटला होता थोडा. तो बरा झाला. पट्ट्यानंच बरा झाला, ते लक्षात ठेवा.

चन्नप्पा : आन् हे आडवं हाड कसलं? गळ्याखालचं?

दाक्षायणी : हासळीचं हाड.

चन्नप्पा : बैलाला हे नसतंय.

दाक्षायणी : तुम्हाला कसं माहीत?

चन्नप्पा : मेलेल्या बैलाची हाडकं बघितलीत की. पुढचे पाय नुसते मासावर टांगलेले असतात. हे आडवं काय नसतंय मधी.

दाक्षायणी : बरोबर आहे! आम्हाला हे परीक्षेला होतं. बघा ना अप्पा, बैलाचा खांदा ओढायला केलाय आणि माणसाचा हात फिरवायला. बैलाचा आलेला खांदा म्हणजे वरची जखम. ती झाकून, बसवून ठेवली की भरते. माणसाचं तसं नाही. या गोळ्याभोवती एक पातळ पिशवी असते. हात हलला नाही की ती आवळत जाते, चिकटते. त्यात शुगर असली की जास्तच.

चन्नप्पा : चामड्याचा नाडा उनात तसाच ठिवला की ताठतो, तसं.

दाक्षायणी : अगदी तसं. रोज थोडा वाकवला तर मऊ राहतो.

चन्नप्पा : म्हंजी मीच बांधून वाळिवला. येडूनं फाडलं ते भरून आलं, आन् मी जपलं ते वाळलं. आता सोमवारी हिला टेबलावर झोपवतील, ते माज्यामुळं. हिला काय झालं म्हंजी? मी कुटल्या त्वांडानं...

काशम्मा : झालं तुमचं? आता माजं ऐका. दाक्षू, तूबी ऐक. ह्यांनी पाच महिने माजी वेणी घातली. पैल्या दिशी नाडा वळत्यात तशी वळली, मान हलवता येईना मला. मग श्रीदेवीकडं गेले, आमच्या पुतणीकडं, तिच्या पोरीच्या केसांवर शिकून आले. अंबाडासुदा घालतात आता. आजचा बग. ह्यांचाच हाय.

दाक्षायणी : हा अप्पांनी घातलाय? मला वाटलं...

काशम्मा : खरकटं भांडं कदी उचललं न्हवतं ह्या माणसानं. चाळीस वर्सांत पाण्याचा तांब्या हातात दिल्याबिगर पेले न्हाईत. त्यांनी भाकरी थापल्या. कशा म्हणशील तर, एका भाकरीला तीन कोपरं. मला घास भरिवला. गावातले हसायचे, म्हणायचे चन्नप्पा बाई झाला. हे ऐकून घ्यायचे आन् यिऊन मला भरवायचे. घास देताना वाकायचे, केस इंचरताना वाकायचे, पायात चप्पल घालताना वाकायचे. सहा फुटाचा माणूस, पाच महिने निम्मा हुऊन हिंडला घरात. आन् ह्यांच्यामुळं हात गेला म्हणू मी? व्हय, गाठ जरा जास्त आवळली. पर गाठ मारायला कोण व्हतं दुसरं?

चन्नप्पा : काशे, गप आता.

काशम्मा : गप न्हाय बसत. कदी बोलले न्हाय मी हे. आपल्यात बोलतात कुटं असलं! काल तुमी बोललाव, बैलाच्या नावानं का हुईना. माजं राहिलं.

दाक्षायणी : मावशी, पाणी घ्या. अप्पा, तुम्हीही घ्या. आणि मला माफ करा. मी भलतंच समजले होते.

चन्नप्पा : तुमी काय वाईट केलं? तुमी तर हात छातीच्या वर आणला. लेकीनं केलं नसतं येवढं केलंत. रोज हिचा खांदा दाबून दाबून तुमचं मनगट सुजतं, ते बघितलंय मी. पट्टा बांधून ठिवताव ते.

दाक्षायणी : अप्पा, आता मला रडवू नका. फाईल भरायचीय अजून. मावशी, दहा मिनिटं बसा, मग एकदा शेवटचं बघू. तुम्ही पट्टीकडं बघितलं की घाबरता. घाबरलं की खांदा कानाकडं पळतो, आणि तो वर पळाला की आत छपराखाली जागाच उरत नाही, हात अडतो. तुमच्यात ताकद आहे. मला माहीत आहे, आहे.

काशम्मा : ती पिशवी द्या हिकडं.

चन्नप्पा : गोळी घ्यायचीय?

काशम्मा : पिशवी द्या म्हणलं.

दाक्षायणी : आल्यापासून बघतेय, पिशवीला जिवापाड जपताय. आहे तरी काय त्यात?

काशम्मा : डबी हाय बारकी. तेवढं झाकण काढ. घट्ट बसलंय.

दाक्षायणी : लोणी-हळद! मावशी, अजून?

काशम्मा : कालच्या वाटीतलं राहिलेलं. सकाळीच भरून घेतलं, ह्यांना न कळता.

चन्नप्पा : हितं कशाला आणलंस गं हे? दवाखाना हाय हा.

काशम्मा : उटा. त्या भिंतीला पाठ लावून उभं रहावा.

चन्नप्पा : मी? मला काय झालंय? माजा खांदा धड हाय.

काशम्मा : जोडीतल्या एकाचा मळून दुसऱ्याला तसंच ठिवतात व्हय? कदी ठिवलं तुमी? नंद्याला आधी मळलं तर मुकण्या फुरफुरायचा, मग त्येची समजूत काढत बसायचाव. आन् काल मला मळलं आन् वाटी फळीवर ठिवून दिली. मी रात्रभर त्या वाटीकडं बगत पडले.

चन्नप्पा : तुजा हात कुटं पोचतोय. घरी गेल्यावर बसतो मी खाली, मग लाव.

काशम्मा : बैल खाली बसवून मळत न्हाईत. उटा.

दाक्षायणी : उठा अप्पा. मी सांगतेय. शर्टाचं वरचं बटण काढा. टाचा भिंतीला लावा. मावशी, डाव्या हातानं लावणार की...

काशम्मा : डाव्या हातानं मळतात व्हय? उजव्याच.

दाक्षायणी : थांबा. थांबा एक मिनिट. अप्पा, हलू नका. लाल पट्टी तुमच्या खांद्याच्या खाली आलीय. चांगली चार बोटं खाली.

काशम्मा : मला नगं सांगू पट्टी कुटं हाय ती. बोटं बुडवू दे.

दाक्षायणी : नाही सांगत. नाव काढत नाही. श्वास सोडून मग उचला, एवढंच.

काशम्मा : तिकडं काय बघताव छताकडं? माज्याकडं बगा. नंद्या कसा बघायचा?

चन्नप्पा : लोक येतील गं कुणीतरी.

काशम्मा : येऊ द्या. आज आवतण देते, जेवायला या. एक दिस उशीर झाला, पोटात घाला.

चन्नप्पा : 'या' म्हणलीस.

काशम्मा : मी 'या'च म्हणते. चाळीस वर्सं म्हणते. तुमचं कदी ध्यान न्हवतं.

दाक्षायणी : सावकाश, मावशी. खांदा खाली. असाच. असाच.

चन्नप्पा : थांब, तुला वढतंय. मी जरा खाली हुतो...

काशम्मा : वाकू नका. पाच महिने वाकलाव, तेवढं बास झालं.

चन्नप्पा : अगं पर...

काशम्मा : सरळ उभं रहावा म्हणलं की. पोचलाय हात.